मालवणच्या खळ्यातील विश्वचषक

कुडाळ स्थानकावर उतरून कर्ली नदीवरील नेरूरपारचा पूल ओलांडला, की मालवणची वाट जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून आणि माडांच्या सावलीतून वळणे घेत समुद्राकडे उतरू लागते. वाटेच्या शेवटी एकाएकी क्षितिज मोकळे होते आणि पाण्यात उभा असलेला सिंधुदुर्ग दृष्टीस पडतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ साली तो पुरा झाला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सिंधुदुर्गही आहे. किल्ल्याच्या समोर किनाऱ्याला लागून मेढा, धुरीवाडा, दांडी, वायरी अशा वाड्या पसरलेल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध मालवणची अरुंद, गजबजलेली बाजारपेठ आहे. काजू, कोकम, खाजे, कापड, किराणा, भांडी यांच्या दुकानांची ही ओळ बंदराच्या दिशेने जाते. नारळी पौर्णिमेला याच बाजारपेठेतील मंडळी श्रीफळ घेऊन बंदरावर लोटतात आणि किनाऱ्यावर नारळ लढविण्याचा खेळ रंगतो.

मालवण हे फुटबॉलचे गाव नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. येथील मुले माडाच्या चुडताच्या जाड देठाची बॅट करून क्रिकेट खेळत वाढली. परंतु फुटबॉलच्या दोन मोठ्या मुलखांच्या मध्ये हे गाव वसलेले आहे. दक्षिणेस दोन-तीन तासांच्या वाटेवर गोवा, आणि सह्याद्रीचा घाट चढून गेले की कोल्हापूर. सोयरीक, शिक्षण, इस्पितळ आणि व्यापार या चारही कारणांनी मालवणची माणसे या दोन्ही दिशांना सतत जात-येत असतात. त्यामुळे चार वर्षांनी विश्वचषक आला, की त्याचे वारे दोन्हीकडून मालवणात शिरते.

गोव्यात हा खेळ १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी शिवोली येथे आणला, असे तेथील क्रीडा-इतिहासात नोंदले जाते. पुढे त्याला आधार दिला तो व्यापारी घराण्यांनी. साळगावकर आणि धेंपो या उद्योगी कुटुंबांनी आपापले संघ उभे केले आणि ते वर्षानुवर्षे पोसले. धेंपो संघाने राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा पाच वेळा जिंकली, तर भारताचे नामवंत गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे साळगावकर संघातून पुढे आले. पेढीवर बसणाऱ्या माणसाने खेळाचे मैदान राखावे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कोल्हापुरात हाच खेळ तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तेथे शाहू स्टेडियमवरील सामन्यांमुळे घराघरात पोहोचली आहेत. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या पेठांमधून ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे लागतात, खेळाडूंची मोठाली चित्रे उभी राहतात. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या स्पर्धेचे काही सामने गोव्यात मडगावलाही झाले.

२०२२चा विश्वचषक कतार देशात २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या काळात खेळला गेला. कतारची वेळ आपल्याहून अडीच तास मागे असल्यामुळे बरेचसे सामने भारतात सायंकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी दिसले. अंतिम सामना रविवारी रात्री साडेआठ वाजता सुरू झाला. दुकान वाढवून, हातपाय धुऊन, सारे घर एकत्र बसू शकेल अशी ही वेळ. एरवी प्रत्येकाच्या हातातील लहान पडद्यात विखुरलेले कुटुंब त्या महिन्यात एका मोठ्या पडद्यापुढे येऊ शकले. शेजारी, सोयरे, दुकानातील माणसे यांनाही बोलावणे जाऊ लागले. आणि बोलावणे गेले, की घर सजवण्याचा प्रश्न येतो.

व्यापारी कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सूर्यास्तानंतर अन्न न घेणाऱ्या घरी रात्री साडेआठला जमणाऱ्या पाहुण्यांचे आतिथ्य पक्वान्नांनी करता येत नाही. जेवणखाण आधीच उरकलेले असते. मग आलेल्या माणसाचा मान राखायचा तो बैठकीने, अंगणाने, दारावरच्या तोरणाने. अशा रात्री सजावट ही केवळ शोभा राहत नाही, तर ताटाची जागा तीच घेते.

ही सजावट बाजारातून तयार आणणे सर्वांत सोपे. दहा मिनिटांत प्लास्टिकच्या पताकांची माळ, चकचकीत झालरी, थर्माकोलचा चषक, फुगे आणि देशोदेशींचे झेंडे पिशवीत पडतात. पण या मालाबाबत कायदा काय म्हणतो, हे दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने दोघांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणणारी अधिसूचना काढली. त्यानंतर १ जुलै २०२२पासून संपूर्ण देशात एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिक वस्तूंची यादी बंद झाली. त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आहेत, फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, सजावटीचे थर्माकोल आहे, १०० मायक्रॉनहून पातळ असे पीव्हीसीचे फलकही आहेत. म्हणजे सामना पाहण्याच्या मेजवानीसाठी जे जे चटकन घेतले जाते, त्यातील बहुतेक वस्तू विकणे आणि वापरणे हेच मुळी नियमाबाहेर आहे.

मालवणात या नियमाचे कारण डोळ्यांना दिसते. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला; त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या पाण्याखाली प्रवाळांची वस्ती आहे. बाजारपेठेतील गटार पहिल्या मोठ्या पावसात बंदराकडे वाहते. माळेतून सुटलेली एक प्लास्टिकची पताका किंवा थर्माकोलचा एक तुकडा त्या पाण्याबरोबर कोठे जाणार, हे सांगावे लागत नाही. घाटावरच्या शहरात कचरा गाडीत पडला की नजरेआड होतो. येथे तो भरतीबरोबर परत येतो आणि पुळणीवर पडून राहतो.

मालवणच्या घरांना सजावट विकत आणण्याची खरे तर कधी गरजच नव्हती. या प्रांतात गणेश चतुर्थीला देवाच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. गोव्यात तिचेच नाव माटोळी. या चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे, कवंडळाची तांबडी-पिवळी फळे, शेरवडाची पांढरी पाने, तेरड्याची फुले, काकडी, चिबूड असे त्या ऋतूत रानात आणि परसात जे पिकले असेल ते बांधतात. बांधण्याची दोरीसुद्धा झाडाच्या सालीची किंवा काथ्याची असते. उत्सव संपला की चौकट माळ्यावर जाते आणि बाकीचे सारे मातीला मिळते. दिवाळीनंतर अंगण, म्हणजे खळे, नव्याने चोपून सारवतात आणि त्यावर माडाच्या झापांचा मांडव घालतात. देवघरामागच्या भिंतीवर हाताने चित्र काढण्याची रीतही अनेक घरांत होती. जवळचे घ्यावे, हाताने बांधावे, आणि काम सरल्यावर ते मातीत जाईल असे असावे, हा नियम कोणी कोठे लिहून ठेवला नाही. तो हातांनीच जपला. विश्वचषकाच्या रात्रीला हाच नियम लावला, तर काय काय घडू शकते?

आरंभ माडापासून करावा. माडाला वर्षाला सुमारे १२ पाने नवी फुटतात आणि तितकीच जुनी वाळून आपणहून खाली येतात. सजावटीसाठी झाडाला हात लावावाच लागत नाही. परसात पडलेली चुडते गोळा केली की पुरते. वाळलेले चुडत दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घातले, की पाती मऊ होतात. मग मधला देठ उभा चिरून दोन भाग करायचे आणि पाती एकीआड एक, वरून-खालून ओवत झाप विणायचे. सामन्याच्या पडद्यामागे असे दोन झाप उभे केले, की विटकी भिंत झाकली जाते आणि खोलीला मांडवाचे रूप येते. पात्याच्या मधली ताठ काडी म्हणजे हीर. हीर सोलून काढले की त्यांपासून लहान झेंड्यांच्या काठ्या मिळतात आणि प्लास्टिकच्या काडीची गरजच उरत नाही. ही कामे आज साठीच्या पुढच्या बायकांना जितकी सफाईने येतात, तितकी त्यांच्या नातवंडांना येत नाहीत. शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येऊन चुडताशी झटापट करू लागला, की शेजारची आजी हसून म्हणणारच, ‘‘वाईच हळू रे झिला, हीर मोडतलो!’’ आणि त्याच्या हातातले चुडत आपल्या हाती घेऊन ती पहिल्या चार ओळी विणून दाखवील.

पताकांचे काम मुलांचे. २० इंच रुंद आणि ३० इंच लांब असा पतंगी कागद घेतला, तर साडेसात इंच उंचीच्या चार पट्ट्या पडतात. प्रत्येक पट्टीतून पाच इंच पायाचे त्रिकोण सुलटे-उलटे असे जोडून कापले, तर सात निघतात. म्हणजे एका कागदात २८ पताका, आणि वाया जाते ते केवळ दोन्ही टोकांचे अर्धे त्रिकोण. २०२२च्या स्पर्धेत ३२ संघ होते आणि सामने ६४. गटातील ४८ आणि बाद फेरीचे १६. प्रत्येक सामन्याची एक पताका धरली तर तीन कागद पुरतात. दोन पताकांमध्ये तीन इंच जागा सोडली तर माळ सुमारे ४३ फुटांची होते; गाठी आणि टोके धरून ५० फूट सुतळी लागते. चिकटवायला कणकेची खळ पुरे. जो सामना संपला, त्याच्या पताकेवर दोन्ही संघांची नावे आणि गोल लिहून टाकायचे. महिनाभरात ती माळ स्पर्धेची वहीच होते. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला रोजमेळ काय असतो, हे समजावून देण्याचा हाही एक मार्ग आहे. ज्या दिवसाची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, आणि एकूण जुळली पाहिजे.

पताकांवर देशांचे पूर्ण झेंडे काढण्याऐवजी त्या त्या संघाचे केवळ रंग वापरावेत, हे उत्तम. झेंडा कोणत्याही देशाचा असो, तो तुडवला जाऊ नये. आपल्या ध्वजसंहितेने कागदी तिरंगाही कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकू नये, असे बजावले आहे, आणि पाहुण्या देशाच्या निशाणाला वेगळा न्याय लावता येणार नाही. निळा-पांढरा कागद पाहिला की अर्जेंटिना ओळखता येते, पिवळा-हिरवा पाहिला की ब्राझील. रंगांनी काम भागते आणि दुसऱ्या दिवशी केर काढताना संकोच वाटत नाही.

छताला टांगायचा चेंडू हे या सजावटीतील सर्वांत सुंदर काम. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जो चेंडू सारे जग ओळखते, तो १९७०च्या मेक्सिको येथील विश्वचषकात वापरला गेला. त्या काळच्या कृष्णधवल दूरचित्रवाणीवर तो ठळक दिसावा, म्हणून त्याला हे दोन रंग दिले होते. त्याचे ३२ तुकडे असतात. १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. सर्वांच्या बाजू सारख्या लांबीच्या. प्रत्येक पंचकोनाभोवती पाच षटकोन येतात, तर षटकोनाच्या सहा बाजूंना एकाआड एक पंचकोन आणि षटकोन जुळतात. जाड कागदावर तीन इंच बाजूचे तुकडे कापून, कडांना अर्धा इंच चिकटपट्टी ठेवून जोडत गेले, तर सुमारे १५ इंच व्यासाचा चेंडू तयार होतो. आकाशकंदील बांधणाऱ्या घराला हे काम अवघड नाही. गणिताच्या पुस्तकात निर्जीव वाटणारा षटकोन येथे हातात येऊन वळतो, आणि ३२वा तुकडा बसला की जी गोलाई साधते, तिचे आश्चर्य मोठ्यांनाही वाटते.

गोलाची चौकट उभारण्यासाठी बांबूच्या कांबट्या हव्यात. खऱ्या मैदानावर गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, म्हणजे २४ फूट आणि ८ फूट. त्याचा आठवा हिस्सा घेतला तर तीन फूट रुंद व एक फूट उंच अशी नेटकी चौकट होते. तिला मागून जे जाळीदार विणकाम लागते, ते जुन्या घरात सर्वांना ठाऊक असलेले शिंकेच. दूध-लोण्याची मडकी टांगण्यासाठी काथ्याच्या दोरीचे शिंके ज्या गाठींनी विणत, त्याच गाठी येथे आडव्या पसरायच्या. मडके टांगणारी दोरी चेंडू अडवू लागते, इतकाच फरक.

खळ्यावर मैदानाची रांगोळी काढली, तर येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत दारातच होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. २० मीटरला एक मीटर या मापाने ते सव्वापाच मीटर लांब आणि ३ मीटर ४० सेंटीमीटर रुंद होते. मोठ्या खळ्यात सहज मावते. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर असते, ती येथे सुमारे ४६ सेंटीमीटर घ्यायची. सुतळीच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला रांगोळीची चिमूट, की वर्तुळ बिनचूक उतरते. सारवलेल्या जमिनीवर ही पांढरी रेघ गवतावरच्या चुन्यासारखी उठून दिसते. बाजूंना गेरूचा पट्टा ओढला, की आणखी कशाची गरज नाही.

खेळाडूंची ओळख करून देण्यासाठी या जिल्ह्यातच एक जुना नमुना तयार आहे. सावंतवाडीला गंजिफा नावाचे गोल पत्ते हाताने रंगवण्याची परंपरा आहे. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १० अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात. त्याच धर्तीवर प्रत्येक संघाच्या ११ खेळाडूंसाठी ११ गोल पत्ते कापावेत, कडेने रंगीत वेलबुट्टी काढावी, मध्ये खेळाडूचा क्रमांक आणि नाव मराठीत लिहावे. दोन्ही संघांचे मिळून २२ पत्ते झापावर दोन बाजूंना टाचले, की सामना पहिल्यांदाच पाहणाऱ्या आजोबांनाही कोण कोठे खेळतो, हे विचारावे लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथीची कला जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एका पोथीतील चित्रे क्रमाने दाखवीत कथा सांगणे, ही चित्रकथीची पद्धत. ज्या घरात रेषा काढणारा हात आहे, त्याने संघाची वाटचाल अशा पाच-सहा चित्रांत मांडून सामन्यापूर्वी मुलांना सांगितली, तर तीही याच परंपरेला धरून होईल.

सजावट करताना ऋतूचे भान ठेवावे लागते. २०२२चा विश्वचषक हिवाळ्यात आला, ही मालवणकरांच्या सोयीची गोष्ट होती. कागद कोरडा राहत होता, खळे सारवलेले होते, मांडवाखाली बसता येत होते. २०२६च्या स्पर्धेचे वेळापत्रक मात्र ११ जून ते १९ जुलै असे आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको येथे ४८ संघांचे १०४ सामने, आणि अंतिम सामन्याची वेळ भारतात मध्यरात्री साडेबारा. त्या दिवसांत कोकणात पाऊस कोसळत असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. रांगोळीचे मैदान तेव्हा खळ्यातून पडवीत आणावे लागते, कागदाऐवजी जुन्या सुती साड्यांच्या आणि कापडाच्या कातरणाच्या पताका करणे शहाणपणाचे ठरते. १०४ पताकांना सुमारे ७० फुटांची माळ लागेल. कापडाच्या दुकानात वर्षभर साठणारे तुकडे अशा वेळी कामी येतात, आणि कापडाची माळ घडी घालून पुढील स्पर्धेलाही वापरता येते.

दिव्यांचीही तशीच गोष्ट. पावसाळ्यात उघड्या दिव्यावर किडे झेपावतात आणि सकाळी त्यांचा खच पडलेला असतो. जीव जपणाऱ्या घराने म्हणूनच समया आणि पणत्यांची रांग टाळावी, मंद पिवळा दिवा आतल्या बाजूस ठेवावा, खिडकीला पातळ पडदा सोडावा. हिवाळ्यात वेगळे कारण येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सिंधुदुर्गच्या काही पुळणींवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालण्यासाठी वर येतात. प्रखर दिव्यांनी ती मागे फिरतात, आणि अंड्यातून निघालेली पिल्ले पाण्याची चमक समजून उलट दिशेला, उजेडाकडे चालू लागतात. म्हणून मोठा पडदा आणि झगमगाट घेऊन सामना किनाऱ्यावर पाहण्याचा मोह आवरावा. पुळण रात्री काळोखी राहिली पाहिजे. मालवणच्या खळ्यात जागा भरपूर आहे.

हे सारे करायला वेळ कोठून आणायचा, असा प्रश्न दुकानात दिवस घालवणाऱ्या कुटुंबाला पडणे रास्त आहे. तयार माळ दहा मिनिटांत मिळते, हाताने केलेल्या माळेला चार संध्याकाळी जातात. परंतु या सजावटीचा खरा लाभ त्या चार संध्याकाळींतच आहे. सामना दोन तासांत संपतो. झाप विणताना आजी जे सांगते, पताका कापताना वडील मुलाला कागद वाया न घालवण्याचा जो हिशेब शिकवतात, चेंडूचा शेवटचा तुकडा बसवताना भावंडांची जी झोंबाझोंबी होते, ते सारे सामन्याच्या आधी घडून गेलेले असते. शेजारचे मूल पट्टी धरायला येते, दुकानातील नोकर बांबू चिरून देतो, आणि बोलावणे जाण्यापूर्वीच चार घरे या कामात गुंतलेली असतात. अशा घरी पाहुणा आला, की त्याला खुर्ची द्यायलाच नव्हे, तर आपण केलेले दाखवायला कोणीतरी पुढे येते.

व्यापाराच्या दृष्टीनेही यात तोटा नाही. बंदी असलेल्या प्लास्टिकच्या मालावर दंडाची टांगती तलवार असते आणि हंगाम संपला की उरलेला साठा पडून राहतो. पतंगी व घोटीव कागद, जाड पुठ्ठा, सुतळी, काथ्याची दोरी, गेरू, रांगोळी, कात्री यांना वर्षभर गिऱ्हाईक आहे. विश्वचषक सरला तरी गणपती आहेत, दिवाळी आहे, शाळेचे प्रदर्शन आहे. दुकानदाराने या वस्तू एकत्र बांधून, सोबत पताका आणि चेंडू कापण्याची आकृती देऊन विकल्या, तर गिऱ्हाइकाचे काम होते आणि काथ्या वळणाऱ्या, बांबू चिरणाऱ्या हातांकडेही चार पैसे जातात. साळगावकर-धेंपोंनी आपल्या मुलखात खेळाचे संघ राखले. बाजारपेठेतील लहान दुकानाला आपल्या फळीवरून खेळाच्या रात्रीचा मान राखता येतो.

१८ डिसेंबर २०२२च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील अंतिम सामना ज्यांनी पाहिला, त्यांना तो सहजी विसरता येणार नाही. मेस्सी आणि डी मारिया यांच्या गोलांनी अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. सामना संपायला दहा मिनिटे उरली असताना एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेत पुन्हा मेस्सीचा गोल, पुन्हा एम्बापेची बरोबरी. ३-३ अशा स्थितीत पेनल्टींवर निकाल लागला आणि अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली. ज्या घरात पताकांची माळ असेल, तेथे ६४व्या पताकेवर हे सारे आकडे बसवताना अक्षर बारीक काढावे लागेल.

अशा रात्रीनंतरची सकाळही सजावटीचाच भाग मानावी. दुकान उघडण्यापूर्वी झाप सोडवून माडाच्या आळ्यात पसरले, की ते कुजून त्याच झाडाचे खत होतात. रांगोळी पाण्याबरोबर जाते. बांबूची चौकट आणि काथ्याची जाळी माटवीशेजारी माळ्यावर जाते. गोल पत्ते मुलांच्या वह्यांत जपले जातात, आणि पताकांची माळ गुंडाळून कपाटात, जमाखर्चाच्या जुन्या वह्यांच्या शेजारी ठेवली जाते. खळे पुन्हा रिकामे होते. तेथे केरसुणीने गोळा करण्याजोगे थोडे कागदाचे कपटे आणि हिरांचे तुकडे उरतात, आणि समुद्राकडे वाहून जाण्याजोगे काहीही उरत नाही.